मागेल तेवढं पेट्रोल

आमच्या घरी घावनाच्या पिठात पाणी किती घालायचं, याचं उत्तर गेल्या तीन पिढ्यांत बदललेलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणायची, "पीठ मागेल तेवढं." बायकोला विचारलं तर तीही म्हणते, "मागेल तेवढं," आणि वर, "तुम्हाला काय करायचंय?" बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे उत्तर पचत नाही. मागेल त्याला मागेल तेवढं द्यायचं असतं तर आम्ही तारण कशाला मागितलं असतं? त्यामुळे निवृत्त होऊन अंजनवेलला आलो आणि मोटारीच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे स्वतः ठरवायची पाळी आली, तेव्हा खरं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, इथे तरी आकडे असतील.

आकडे होते. 256 होते.

गाडी म्हणजे मारुती 800, एमपीएफआय, नंबर एमएच 08 चा. 22 जुलै 2021 ला ती चिपळूणला मेहुण्याच्या अंगणात उभी होती. त्या दिवशी वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, हे साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. मेहुण्याच्या अंगणात ती आमच्या गाडीत शिरली आणि स्टिअरिंगच्या वरपर्यंत आली. हीच वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीतून आमच्या अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. ती आपली आपण आली. गाडी टेम्पोतून आणावी लागली.

इंजिन वाचलं. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी उडवलं, ऑइल दोनदा बदललं, आणि सगळे म्हणाले, नशीब. मेला तो ईसीयू. डॅशबोर्डखाली डब्याएवढी एक पेटी असते, इंजिनाला कधी, किती पेट्रोल द्यायचं ते ती ठरवते. उघडली तर आत नदीचा गाळ होता. नव्या पेटीची किंमत ऐकली आणि गाडीची किंमत आठवली. जुन्या बाजारात शोधाशोध केली, दोन पेट्या सापडल्या. दोन्ही त्याच पुरातल्या होत्या. मग ताडपत्री घातली आणि विषय संपवला.

भाच्याने तो पुन्हा उकरून काढला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे सुट्टीत आमच्याकडे येऊन चालू वस्तू उघडतो. गेल्या मे महिन्यात आला, ताडपत्री उचलली आणि म्हणाला, "मामा, आपण पेटी बनवू." जगात अशा पेट्या घरी बनवणारे लोक आहेत म्हणे. अमेरिकेतल्या दोघांनी 2001 च्या सुमाराला 'मेगास्क्वर्ट' नावाची पेटी लोकांच्या हाती दिली. त्यानंतर 'स्पीडुइनो' आली. तिचा मेंदू म्हणजे आर्डुइनो, शाळेतली पोरं विज्ञान प्रदर्शनात दिवे लुकलुकवायला वापरतात तोच. मला वाटलं चेष्टा करतोय. आठवड्याने कुरिअर आलं, आणि चार दिवस पडवीत शिशाच्या डाखाचा वास भरून राहिला.

एक गोष्ट त्याने आधीच बजावून ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. "त्यामुळे जे काय ते आपल्या बागेत." आमच्या बागेतली वाट शंभर पावलांची. दुसरा गिअर टाकेपर्यंत विहीर येते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पेट्रोलचं गणित. कार्बोरेटर होता तेव्हा सगळा मामला घावनाच्या पंथाचा होता. इंजिन हवा ओढायचं, त्या ओढीने जेटमधून पेट्रोल आपसूक वर यायचं, मागेल तेवढं. मिस्त्री स्क्रू दीड आटा उघडायचा, मान तिरकी करून ऐकायचा, पाव आटा मिटायचा आणि फडक्याला हात पुसायचा. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली तयार उभं असतं, आणि इंजेक्टर नावाचा बारीकसा नळ सेकंदाचे दोन-तीन हजारांश उघडून मिटतो. किती उघडायचा ते पेटी सांगते. पेटीला कोण सांगतो? आमच्या बाबतीत, मी.

शास्त्र म्हणतं, 1 ग्रॅम पेट्रोल पुरतं जाळायला 14.7 ग्रॅम हवा लागते. हे वजनाने. मापाने काढलं तर 1 लिटर पेट्रोलला साधारण 9 हजार लिटर हवा. म्हणजे गाडी मुख्यतः हवेवर चालते, पेट्रोल फोडणीपुरतं. आणि हवेला अंजनवेलला तोटा नाही. टाळकेश्वराजवळच्या दीपगृहापाशी पावसाळ्यात छत्री उघडून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. प्रश्न एवढाच, की दर खेपेला सिलिंडरात हवा गेली किती?

हे मला भाच्याने तीनदा समजावलं आणि तिन्हीदा समजलं नाही. शेवटी माझं मीच बँकेच्या भाषेत लावून घेतलं. माझं इंजिन 796 सीसीचं, सिलिंडर तीन, म्हणजे एकाची कागदोपत्री मर्यादा 265 सीसी. पण मंजूर मर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष उचल वेगळी. आयडलिंगला सिलिंडर पूर्ण मर्यादा उचलत नाही, मधल्या वेगाला बऱ्यापैकी उचलतो, फार पळवला तर झडपा उघडमिट करण्यात वेळ जाऊन उचल पुन्हा घटते. या उचलीचे टक्के भरायचे, ते ट्यूनिंग. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या रकान्यात हवेच्या वाटेतला दाब, सोळा गुणिले सोळा. दोनशे छप्पन्न घरं. मी चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला माझ्या लायकीचं मशीन दिलं होतं.

पहिल्या दिवशी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, खोकलं, आणि सायलेन्सरमधून जो काळा धूर निघाला तो बघून शेजारच्या वाडीतून दोघं जण बादली घेऊन धावत आले. बंद केलं. प्लग काढले तर पेट्रोलने निथळत होते. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. भाचा टेबल बघत बसला. मी स्क्रीनवरचे बाकीचे आकडे बघत बसलो, कारण ताळा लागत नसला की जमेच्या बाजूलाच नाही, नावेच्या बाजूलाही बघावं ही सवय. एका कोपऱ्यात लिहिलं होतं, इंजिनाचं तापमान: उणे 40.

मे महिना, दुपारचे बारा. मी बनियनवर होतो आणि बनियन पिळण्यासारखं झालं होतं. पण पेटीच्या मते आम्ही सैबेरियात होतो. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते नळीच्या भिंतीला चिकटून राहतं, म्हणून गारठ्यात पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या गाड्यांना चोक असायचा तो यासाठीच. पेटी बिचारी इमानाने उणे 40 चं पेट्रोल ओतत होती. कारण? तापमानाच्या सेन्सरचा एक पिन पुराच्या पाण्याने आणि नंतरच्या खाऱ्या हवेने गंजून तुटला होता. हा सेन्सर जितका गार तितका विजेला अडवतो. तार तुटली की वीज पूर्णच अडते, आणि पेटी समजते की हिमालय आला. पिन बदलला. तापमान 36 झालं. बादलीवाले तरीही गेले नाहीत.

कोकणात बॉनेट उघडं ठेवणं म्हणजे पानाचं तबक मधे ठेवून बसण्यासारखं आहे. कोणी ना कोणी येतं आणि टेकतं. वेलदूरचा एक बोटवाला आला, म्हणाला डिझेलला यातलं काही लागत नाही. रिक्षावाला आला, म्हणाला सीएनजी टाका. चुलतभाऊ मुंबईहून आला होता, तो म्हणाला आता कोण पेट्रोल घेतं, ईव्ही घ्या. या तिघांनी मग माझ्या बॉनेटवर कोपरं टेकून इंधनावर दीड तास चर्चा केली आणि माझ्या गाडीचा विषय त्यात पुन्हा निघाला नाही.

इंधनावर बोलायचा हक्क मात्र आमच्या गावाचा आहे, तो मी मान्य करतो. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प नावाने दाभोळचा, जागेने खाडीच्या अलीकडचा, आमच्या अंजनवेलच्या अंगाचा. 1992 मध्ये सामंजस्य करार झाला, 1995 मध्ये सरकार बदललं आणि प्रकल्प रद्द झाला, मग वाटाघाटी होऊन पुन्हा जिवंत झाला. मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्त्यावर. आयात वायू नंतर यायचा होता. नाफ्त्यावरची वीज महाग पडली, मंडळाला परवडेना, 2001 मध्ये संच थंडावले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतली मूळ कंपनीच बुडाली. त्या काळात नाफ्ता परवडतो की वायू, यावर मत नसलेला माणूस या पंचक्रोशीत शोधावा लागला असता. हे सगळं आठवलं आणि मला धीर आला. एवढ्या मोठ्या कंपनीचं इंधनाचं गणित जिथे कोसळलं, तिथे माझ्या तीन सिलिंडरांनी खोकायला काय हरकत आहे?

आणि अमेरिकेचंच काढायचं तर, पेट्रोल विजेच्या हुशारीने मोजून द्यायचा पहिला बाजारी प्रयोग तिथेच झाला. बेंडिक्स कंपनीचा 'इलेक्ट्रोजेक्टर', 1958 च्या सुमाराचा. क्रायस्लरच्या मोजक्याच गाड्यांना तो बसवला आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा कार्बोरेटर लावून द्यावे लागले. पुढे बॉशने 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या 1600 ला 'डी-जेट्रॉनिक' बसवलं आणि ते टिकलं. त्यातला डी म्हणजे द्रुक, जर्मनमध्ये दाब. हवेच्या वाटेतला दाब मोजायचा आणि त्यावरून हवा किती गेली ते ताडायचं. माझी पेटीही हेच करते. मधे अर्धं शतक गेलं तरी मूळ युक्ती तीच: हवा मोजत नाहीत, ताडतात.

तर आम्ही ताडायला बसलो. म्हणजे मी एकटाच बसलो, कारण भाच्याची सुट्टी संपली. जाताना त्याने सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर बसवला, तो धुरातला प्राणवायू हुंगून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो, आणि एक नियम घालून दिला: "मामा, शंका आली तर जास्त दे. उपाशी ठेवलंस आणि चढावर दामटलंस तर पिस्टन वितळेल." हा एवढा एकच नियम आमच्या आईच्या स्वयंपाकघराशी जुळणारा होता.

रविवारमागून रविवार मी घरं भरली. आयडलिंगची ओळ. बागेतल्या वाटेवर पहिल्या गिअरची ओळ. जास्त भाराच्या ओळी भरायला गाडीला भार द्यावा लागतो, आणि रस्त्यावर जायचं नाही, म्हणून मागच्या सीटवर सहा चिरे ठेवले, शेजारी गड्याला मांडीवर लॅपटॉप देऊन बसवला आणि कलमांमधल्या चढावर गाडी घातली. "साहेब, आकडा तांबडा झाला," तो ओरडायचा. "कुठला?" "सगळेच." मग विहीर यायची. मग रिव्हर्स. 5000 फेऱ्यांचे रकाने मला कधी दिसलेच नाहीत. ते मी व्याजाचं कोष्टक पुढे लिहीत जावं तसे कलाने भरून टाकले. बँकेत असं करणाऱ्याला मी मेमो दिला असता.

एक गोष्ट मात्र खुपत होती. गाडी पेट्रोल फार खात होती. आयडलिंगला दाब 58 दिसत होता. निरोगी इंजिनाला तो 30 ते 40 असावा असं भाच्याने लिहून ठेवलेलं. मी मनाशी म्हटलं, म्हातारं इंजिन आहे, पूर पाहिलेलं आहे, त्याला 58 दिसलं तर काय बिघडलं? माझाही वरचा रक्तदाब लोकांहून अधिकच असतो. सेन्सर म्हणे पेट्रोल जास्त आहे, मी 58 च्या ओळीतले टक्के कापले. टेबल डोळ्याला सलग दिसावं म्हणून खालच्या ओळीही त्याच मापाने उतरवल्या. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मीटरवर 14.7 लागलं आणि हललं नाही. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. चिरे कधी काढताय? जागेवर ठेवायचेत."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गाडीसाठी नाही, शहाळी न्यायला. सत्तरी ओलांडलेला माणूस, उमेदीची सगळी वर्षं मुंबईत फियाट टॅक्सीच्या कार्बोरेटरांत घातलेली, आता गावाला. मी इंजिन लावून दाखवलं. लॅपटॉप दाखवला. रंगीत टेबल दाखवलं. तो त्याच्याकडे बघेचना. मान तिरकी करून ऐकत राहिला.

"पेट्रोल खातंय काय?"

"खातंय थोडं. इंजिन जुनं ना."

"इंजिन नाय खात रे. तुझा कॉम्प्युटर खातोय." मग म्हणाला, "हवा किती गेली हे ह्याला कोण सांगतो?"

मी दाबाचा सेन्सर दाखवला, आणि इंजिनाकडून त्याच्याकडे जाणारी करंगळीहून बारीक रबरी नळी. मिस्त्रीने त्या नळीवरून दोन बोटं फिरवली, शेवगा कोवळा आहे का जून ते बघतात तशी. सेन्सरच्या तोंडाशी बोटं थांबली. त्याने नळी वाकवली. दोन दातांच्या खुणा होत्या, शेजारी शेजारी, स्वच्छ.

ताडपत्रीखालच्या पावसाळ्यांत गाडीत एक उंदीर राहून गेला होता. त्या दोन भोकांतून बाहेरची हवा नळीत शिरत होती, आणि सेन्सर इंजिनाचा दाब सांगायच्या ऐवजी अर्धा इंजिनाचा आणि अर्धा अंजनवेलचा सांगत होता. मिस्त्रीने खिशातल्या चाकूने टोक कापलं, उरलेली नळी ओढून घट्ट बसवली. दोन मिनिटं. 58 चे 36 झाले. आणि इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. कारण खालच्या ओळी मी उपाशी ठेवल्या होत्या.

खतावणीत चूक नव्हती हो. व्हाउचरच खोटं होतं. तीन रविवार, सहा चिरे आणि माहीत नाही किती लिटर पेट्रोल खर्चून मी उंदराच्या दातांना ट्यून करत होतो.

पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या खेपेला जमत गेलं, पण मनात आता व्हाउचरची शंका घर करून बसली होती. म्हणून एका रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, पंपावर हल्ली जे पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणजे पाचातला एक भाग घाटावरच्या उसामक्याचा. मग त्याला हवा तेवढीच कशी लागेल?

"तेवढी नाही लागत," तो म्हणाला. "त्याला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त."

"अरे, मग मी 14.7 च्या मागे का धावतोय?"

"धाव की. मीटरवर 14.7 दिसलं म्हणजे बरोबरच आहे."

"पण खरं प्रमाण साडेतेरा आहे ना?"

तेव्हा कुठे त्याने खरी गोष्ट सांगितली. तो सेन्सर पेट्रोल मोजत नाही आणि हवाही मोजत नाही. जळून झाल्यावर प्राणवायू उरला की कमी पडला, किती उरला, किती कमी पडला, एवढंच त्याला कळतं. काही उरलं नाही आणि काही कमीही पडलं नाही, की तो म्हणतो "पुरे". मीटर त्या "पुरे"ला 14.7 असं नाव देतं, कारण जुन्या पेट्रोलचा आकडा त्याच्या तबकडीवर छापलेला आहे. उद्या टाकीत दुसरं काही ओतलं तरी "पुरे"च्या जागी तो 14.7 च दाखवेल.

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात उद्याच्या घावनांचं पीठ भिजवणं चाललं होतं. बायकोने पळीतून पीठ वरून सोडून धार बघितली, अर्धी वाटी पाणी घातलं, पुन्हा धार बघितली आणि झाकण ठेवलं. मी काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे मूळ पेटी मिळाली, कोरडी. गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यायची तर तीच हवी, म्हणून तीच बसवली. पहिल्या किल्लीला लागली. गारठ्यात बरोबर, तापल्यावर बरोबर, चढाला बरोबर. कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी ही घरं विहीर न लागणाऱ्या रस्त्यावर बसून भरली होती. मिस्त्रीला बोलावून ऐकवलं. त्याने मान तिरकी केली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "ही बरोबर चालते. तुझी खाऊन पिऊन होती."

माझी पेटी आता फडताळात आहे, तांदळाच्या डब्यात, म्हणजे दमट हवेपासून जरा लांब. ज्या कुणाला मारुती 800 साठी ती हवी असेल त्याला फुकट मिळेल, 256 आकड्यांसकट. त्यातले विहिरीपलीकडचे सगळे अंदाजाने लिहिलेले आहेत, ते ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर तपासावेत. न्यायला मात्र अंजनवेलला यावं लागेल, आणि येण्यापूर्वी आपल्या गाडीतली ती बारीक रबरी नळी एकदा वाकवून बघावी.